जुन्या आयपॉडची बॅटरी बदलताना

नागपूर : कपाटाच्या खणात वर्षानुवर्षे पडून असलेला आयपॉड एखाद्या दिवशी अचानक हाती लागतो. चार्जरला लावूनही पडदा काळाच राहतो आणि त्यातील गाणी कायमची गेली, असा समज करून घेतला जातो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. गाणी हार्ड डिस्कवर किंवा मेमरी चिपवर साठवलेली असतात. निकामी झालेली असते ती केवळ बॅटरी.

१९७९ मध्ये आलेल्या वॉकमनचे पेन्सिल सेल संपले, की कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणता येत. २००१ मध्ये आलेल्या आयपॉडची लिथियम बॅटरी मात्र कवचाच्या आत बंद होती. त्यावरून अमेरिकेतील ग्राहकांनी न्यायालयात दावे केले आणि २००५ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. सुमारे ४०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर येते, असे ॲपलच सांगत असे. न वापरताही ही बॅटरी झिजते आणि उष्णतेने अधिक वेगाने झिजते. मे २०१३ मध्ये ४७.९ अंश तापमान पाहिलेल्या नागपुरात बंद घरातील खण किंवा उन्हात उभी मोटार ही तिच्यासाठी सर्वांत वाईट जागा होय.

खर्च करण्यापूर्वी साध्या गोष्टी तपासाव्यात. पहिल्या तीन पिढ्यांचे आयपॉड यूएसबीवरून चार्जच होत नाहीत. त्यांना फायरवायर लागते. वरच्या बाजूचा 'होल्ड'चा खटका मोकळा आहे ना, हे पाहावे. पूर्ण रिकामी बॅटरी अर्धा तास चार्ज झाल्याखेरीज पडद्यावर काहीच दिसत नाही. क्लिक व्हील असलेल्या यंत्रात 'मेनू' आणि मधले बटण काही सेकंद एकत्र दाबून धरल्यास यंत्र पुन्हा सुरू होते.

त्यानंतरही प्रतिसाद नसेल, तर बॅटरी बदलावी. हार्ड डिस्कच्या पाचव्या पिढीच्या यंत्रात हे काम संयमी माणसाला जमू शकते. मात्र बॅटरी आणि हेडफोनच्या चपट्या तारा मागच्या झाकणाशी जोडलेल्या असतात. झाकण झटक्याने उघडल्यास त्या फाटतात. प्लास्टिकची पट्टीच वापरावी, स्क्रूड्रायव्हर नको. नंतरच्या क्लासिकचे धातूचे कवच अधिक हट्टी असते. नॅनोची बॅटरी तर डाग देऊन बसवलेली असल्याने घरी त्या फंदात न पडलेलेच बरे. सीताबर्डीच्या मोबाइल बाजारात दुरुस्ती करून घेताना आयपॉडची पिढी आणि 'जीबी' दोन्ही सांगावेत, कारण एकाच पिढीत बॅटरीची जाडी वेगवेगळी असते. नवी म्हणून मिळालेली बॅटरीही वर्षानुवर्षे पडून असू शकते. उत्पादनाची तारीख छापलेली असल्यास ती पाहूनच घ्यावी.

पाठीचे झाकण उचलले गेले असेल किंवा पडदा आतून दाबला जात असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. अशा यंत्राला चार्जर लावू नये. बॅटरी दाबू नये आणि 'हवा काढण्यासाठी' टोचू तर मुळीच नये. छिद्र पडताच ती पेट घेऊ शकते. २००५-०६ मध्ये विकल्या गेलेल्या पहिल्या नॅनोच्या बॅटऱ्या तापत असल्यामुळे ॲपलने २०११ मध्ये ते आयपॉड परत मागवले होते. काढलेली बॅटरी कोरडी वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवावी. ती कचरागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे सोपवणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे.

यंत्र सुरू झाल्यावर होणारी घाई मात्र महागात पडते. नव्या संगणकाला जोडताच 'मिटवून सिंक करायचे का', असा प्रश्न येतो. त्याला होकार दिला, की बॅटरीने न पुसलेली गाणी एका क्लिकमध्ये पुसली जातात. त्याऐवजी नकार द्यावा, 'डिस्क' म्हणून वापरण्याचा पर्याय निवडावा आणि लपवलेले फोल्डर दिसतील अशी व्यवस्था करावी. 'आयपॉड कंट्रोल' या फोल्डरमधील 'म्युझिक'मध्ये चार अक्षरी विचित्र नावांच्या फायली दिसतात. गाणी तीच, ती आधी संगणकावर उतरवून घ्यावीत.