सर्वांस मुक्त प्रवेश

वऱ्हाडातल्या एखाद्या गावी आठ दिवसांची व्याख्यानमाला भरली की तिचे हस्तपत्रक घरोघर येते. आज कपाशीवरील कीड, उद्या ज्ञानेश्वरी, परवा चंद्रावरचा प्रवास. विषयांना धरबंद नाही आणि तिकीटही नाही. खाली ठळक अक्षरांत छापलेले असते, 'सर्वांस मुक्त प्रवेश'. मंडळी, हे तीन शब्द आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांतला 'सर्व' म्हणजे नेमका कोण, हे आपण कधी विचारीत नाही. आज तेवढेच विचारू.

हा प्रघात आपल्याकडे मुंबईहून आला. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आणि विद्यार्थी यांनी एक सभा काढली. दादाभाई नौरोजी त्यांत होते. तिच्या मराठी आणि गुजराती शाखांना ज्ञानप्रसारक सभा म्हणत. शास्त्रीय आणि सामाजिक विषय लोकांच्या भाषेत लोकांना सांगायचे, हा तिचा उद्योग. पुढे १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी धर्मावर जाहीर वाद घातले. त्याला ना दार होते ना खुर्ची. आणि १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती आजतागायत चालू आहे. वसंत ऋतूच का, तर उन्हाळ्यात कोर्टांना आणि शाळांना सुटी असते. वकील आणि मास्तर मोकळे असतात. श्रोता कोण धरलेला होता, हे एवढ्यावरूनच कळते!

आता वऱ्हाडाकडे येऊ. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजी कारभारात गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत मुंबई-नागपूर लोहमार्ग पुरा झाला. रेल्वेने कापूस मुंबईला गेला आणि त्याच रेल्वेने वकील, शिक्षक, कारकून अमरावती-अकोल्यास आले. त्यांच्याबरोबर वाचनालय आले, वर्तमानपत्र आले, व्याख्यानही आले. अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय काय किंवा अमरावतीचे नगर वाचनालय काय, दोन्ही एकोणिसाव्या शतकातली. दादासाहेब खापर्ड्यांसारखा हजरजबाबी वक्ता अमरावतीला होता. १८९७ साली राष्ट्रसभेचे अधिवेशन अमरावतीस भरले, शंकरन नायर अध्यक्ष होते. १९१२ साली अकोल्यात हरी नारायण आपट्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झाले. या गोष्टी अभिमानाच्या आहेत, यात वाद नाही.

पण राष्ट्रसभेचे कामकाज त्या वेळी इंग्रजीत चाले. मंडपाच्या दोराजवळ उभ्या असलेल्या कास्तकाराला कोणी हाकलले नसते असे धरून चालू, तरी तो तेथे उभा राहून करणार काय? दार उघडे असणे निराळे आणि आतल्या माणसाचे बोलणे आपल्याला कळणे निराळे.

शिवाय कित्येकांना ते दारही उघडे नव्हते. गावचे कीर्तन-पुराण देवळात होई आणि देवळात अस्पृश्यांना मज्जाव. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, ती अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी. परिषदेला पंजाबराव देशमुखांसारख्यांचा पाठिंबा होता. कीर्तनाला तिकीट नसे हे खरे, पण ज्याला देवळाची पायरी बंद त्याला त्या फुकटपणाचा उपयोग काय?

या प्रश्नाला वऱ्हाडातल्याच एका माणसाने उत्तर दिले आणि ते कोणत्याही सभागृहाबाहेर दिले. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी १८७६ साली परटाच्या घरी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९०५ साली त्यांनी घर सोडले आणि पुढे पन्नास वर्षे ते हिंडत राहिले. पद्धत ठरलेली. दिवसा गावात यायचे, हातात खराटा घ्यायचा आणि रस्ते झाडायचे. लोक आधी बघत, मग लाजत, मग काही जण झाडू लागत. रात्री उघड्यावर कीर्तन. शेतातले काम आटोपून, भाकर खाऊन माणसे येत. बायका पोरे घेऊन येत. बिदागीचा प्रश्नच नव्हता. बाबा भाकर मागून खात.

आणि त्या कीर्तनात असे काय? नाव कीर्तनाचे, पण विषयांचा पल्ला एखाद्या व्याख्यानमालेला लाजवील असा. कर्ज काढून तीर्थयात्रा करू नये. देवापुढे कोंबडे-बकरे कापू नये. दारू, हुंडा, शिवाशिव सोडावी. ताट मोडावे लागले तरी चालेल, पण पोर शाळेत घालावे. हे सारे अस्सल वऱ्हाडी बोलीत. ज्यांना बाबांची भाषा अडाणी वाटे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गो. नी. दांडेकरांसारखा मराठीचा लेखक बाबांच्या सहवासात राहिला आणि त्याने पुढे त्यांचे चरित्र लिहिले.

माझ्या मते बाबांची खरी करामत विषयांत नाही, ती प्रश्नांत आहे. बाबा सांगत कमी, विचारीत जास्त. नैवेद्य खाणाऱ्या कुत्र्याला देव हाकलतो का? समुदाय म्हणे, नाही. मग तो तुमचे रक्षण कसे करील? प्रत्येक पायरीवर श्रोत्याकडून होय किंवा नाही वदवून घ्यायचे आणि शेवटची पायरी त्याची त्यालाच चढू द्यायची. ग्रीक लोकांत सॉक्रेटिस असे प्रश्न विचारी, हे आम्ही कॉलेजात मुलांना शिकवतो. तेच आमच्या जिल्ह्यात कंदिलाच्या उजेडात चालले होते. आपल्या व्याख्यानमालांत श्रोत्याला बोलायची संधी आभारप्रदर्शनाच्या आधी पाच मिनिटे मिळते, तीही वेळ उरला तर.

दाराचा प्रश्नही बाबांनी तसाच सोडवला. ज्यांना पंढरपुरात उतरायला जागा नव्हती, त्यांच्यासाठी त्यांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली.

त्याच जिल्ह्यात यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन उभे राहिले. १९३५ साली मोझरीला त्यांचा गुरुकुंज आश्रम झाला. त्यांच्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय म्हणजे ग्रामसफाईपासून ग्रामोद्योगापर्यंतचा गावाचा अभ्यासक्रमच. पण भजनाची लय आणि कीर्तनातली सवाल-जबाबाची झटापट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यावर स्वतंत्रपणेच बोलले पाहिजे.

शिक्षक मंडळींनी गावात माला भरवताना बाबांचे वेळापत्रक जरूर आठवावे. कपाशीची वेचणी चालू असताना संध्याकाळी पाचचे व्याख्यान ठेवले, तर समोर शाळेतली मुले आणि पहिल्या रांगेत सरपंच एवढेच दिसणार. उलंगवाडी झाल्यावर, जेवणे उरकल्यावर, पारावर ठेवून पाहा. आणि वक्त्याला आधी सांगून ठेवा की अर्धा वेळ लोकांचा आहे.

बाबांचे कीर्तन कसे होते, हे आता ऐकूनही कळते. १९५६ च्या अखेरीस मुंबईत झालेल्या त्यांच्या एका कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर बाबा गेले. त्या मुद्रणात ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा चिरका आवाज आहे. तो विचारतो आणि थांबतो, आणि समोरचा सारा समुदाय एका आवाजात उत्तर देतो.