अल्स्टर परगणा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यूयॉर्क राज्यातील, डच वसाहतीतून उदयास आलेला एक ऐतिहासिक परगणा. क्षेत्रफळ सु. ३,००० चौ. किमी.; लोकसंख्या १,८१,८५१ (२०२०). तो हडसन नदीच्या पश्चिम तीरावर असून त्याच्या अंतर्भागात कॅट्स्किल पर्वताचा काही भाग व शॉवनगंक डोंगररांग येते. किंग्स्टन हे त्याचे मुख्य ठाणे न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सु. १४५ किमी.वर आहे. येथील प्रत्यक्ष डच सत्ता जेमतेम बारा वर्षे टिकली. परंतु तिच्या काळात रुजलेली भाषा, धर्मसंस्था, शेतीपद्धती आणि गुलामगिरी यांचा पगडा इंग्रजी अंमलात व त्यानंतरही मिळून सु. दीड शतक कायम राहिला. या परगण्याच्या इतिहासाचे हेच मुख्य वैशिष्ट्य होय.

डच वसाहत : या प्रदेशात पूर्वी लेनापे समूहातील इसोपस लोकांची वस्ती होती. एसोपस व रोंडाउट या प्रवाहांकाठच्या सुपीक गाळाच्या जमिनीत ते मका, घेवडा व भोपळा ही पिके घेत. हेन्री हडसन १६०९ मध्ये आपल्या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या नदीतून वर गेला व त्यानंतर डच व्यापाऱ्यांची ये-जा सुरू झाली. १६५२–५३ च्या सुमारास टॉमस चेंबर्स आदी वसाहतवाल्यांनी इसोपसांकडून जमिनी मिळवून येथे शेती आरंभिली. ते विखरून राहत. त्यांची गुरे मूलनिवासींच्या उभ्या पिकांत शिरत आणि डच व्यापारी त्यांना मद्य विकत. यांतून तंटे वाढले, तेव्हा नव नेदरलंडचा महासंचालक पीटर स्टॉइव्हसंट याने १६५८ मध्ये वसाहतवाल्यांना उंच जागी एकत्र आणून गावाभोवती लाकडी तटबंदी उभारविली. या गावाला १६६१ मध्ये सनद मिळून स्थानिक न्यायसभा स्थापन झाली व त्याचे व्हिल्टव्हाइक असे नामकरण झाले. तेच आजचे किंग्स्टन.

इसोपस युद्धे : सप्टेंबर १६५९ मध्ये काही वसाहतवाल्यांनी मद्यपान करीत बसलेल्या इसोपसांवर गोळीबार केल्यामुळे पहिले युद्ध पेटले. १६६० मध्ये तह झाला. पण स्टॉइव्हसंटने काही इसोपस कैद्यांना कॅरिबियनमधील क्यूरसाव बेटावर गुलाम म्हणून पाठविले होते. हा घाव तहाने भरून निघाला नाही. शिवाय डचांनी जवळच नवे गाव (आजचे हर्ली) वसविले. ७ जून १६६३ रोजी इसोपसांनी दोन्ही गावांवर एकाच वेळी हल्ला केला. नवे गाव जळून खाक झाले, व्हिल्टव्हाइकमधील अनेक घरे जळाली आणि चाळीसहून अधिक स्त्रिया व मुले कैदेत गेली. मार्टिन क्रेगियरच्या सैन्याने प्रत्युत्तरादाखल इसोपसांच्या तटबंद वस्त्या व मक्याची शेते उद्ध्वस्त केली. मे १६६४ च्या तहाने इसोपसांना मोठा भूप्रदेश सोडावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी नव नेदरलंड जिंकले. इंग्रज गव्हर्नर रिचर्ड निकल्स याने १६६५ मध्ये इसोपसांशी केलेला करार परगण्याच्या दप्तरात जतन केलेला आहे. पुढे हे लोक हळूहळू विस्थापित झाले. त्यांचे वंशज विस्कॉन्सिन राज्यात व कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात आढळतात.

इंग्रजी अंमल : १६६९ मध्ये व्हिल्टव्हाइकचे किंग्स्टन झाले. डचांनी १६७३ मध्ये वसाहत परत घेतली. मात्र १६७४ च्या तहानुसार ती पुन्हा इंग्रजांकडे आली. १ नोव्हेंबर १६८३ रोजी न्यूयॉर्क वसाहतीचे बारा परगणे पाडण्यात आले. त्यांपैकी या परगण्यास, यॉर्कचा ड्यूक जेम्स याच्या ‘अर्ल ऑफ अल्स्टर’ या आयरिश किताबावरून नाव मिळाले. नाव इंग्रजी सत्तेचे असले, तरी व्यवहार डचच राहिला. याचे उत्तम उदाहरण म्हणजे न्यू पॉल्ट्झ. हे गाव ह्यूगेनॉट (फ्रेंच प्रॉटेस्टंट) कुटुंबांनी १६७७ मध्ये इसोपसांकडून घेतलेल्या जमिनीवर वसविले. तेथील चर्चमधील फ्रेंच भाषेची जागा अठराव्या शतकात इंग्रजीने नव्हे, तर डच भाषेने घेतली. इंग्रजी आली ती त्या शतकाच्या अखेरीस. वॉलकिल, प्लॅटकिल यांसारख्या नावांतील ‘किल’ हा ओढा या अर्थाचा डच शब्द आणि हर्ली व न्यू पॉल्ट्झ येथील दगडी घरे ही या वारशाची साक्ष होत.

स्वातंत्र्ययुद्ध : २० एप्रिल १७७७ रोजी न्यूयॉर्क राज्याची पहिली राज्यघटना किंग्स्टन येथे संमत झाली व तेथेच जॉर्ज क्लिंटन याने पहिला गव्हर्नर म्हणून शपथ घेतली. १६ ऑक्टोबर रोजी जनरल जॉन व्हॉन याच्या ब्रिटिश सैन्याने गाव जाळले. दगडी भिंती मात्र उभ्या राहिल्या व त्यांवरच अनेक घरे पुन्हा बांधण्यात आली.

गुलामगिरी : स्वातंत्र्याची घटना जेथे संमत झाली, त्या परगण्यात १७९० च्या जनगणनेच्या वेळी सु. एक-दशांश लोक गुलाम होते. सोजर्नर ट्रूथ (मूळ नाव इझाबेला) हिचा जन्म १७९७ च्या सुमारास येथील हार्डेनबर्ग कुटुंबाच्या ताब्यात झाला. तिची मातृभाषा डच होती. सु. नऊ वर्षांची असताना मेंढ्यांच्या कळपासह तिची शंभर डॉलरांस विक्री झाली आणि इंग्रजी न समजल्याबद्दल नव्या धन्याकडून तिला मार खावा लागला. १७९९ च्या कायद्याने गुलामगिरी क्रमाक्रमाने संपविण्याचे ठरले व ४ जुलै १८२७ हा राज्यातील मुक्तीचा दिवस ठरला. त्यापूर्वीच १८२६ मध्ये तान्ह्या मुलीला घेऊन इझाबेलाने धन्याचे घर सोडले. तिचा मुलगा पीटर बेकायदा अ‍ॅलाबामात विकला गेला होता. तिने किंग्स्टनच्या न्यायालयात दाद मागितली आणि १८२८ मध्ये तो तिला परत मिळाला. कृष्णवर्णीय स्त्रीने गोऱ्या पुरुषाविरुद्ध जिंकलेल्या आरंभीच्या दाव्यांत याची गणना होते.

नंतरचा काळ : डेलावेअर–हडसन कालवा १८२८ मध्ये खुला झाला. पेनसिल्व्हेनियातील कोळसा त्यातून रोंडाउट बंदरात येई. रोझेंडेलचे सिमेंट ब्रुकलिन पुलासाठी वापरले गेले. आयरिश व जर्मन कामगारांच्या आगमनाने डचभाषक समाजाचे वर्चस्व ओसरले. १८७२ मध्ये रोंडाउट व किंग्स्टन मिळून एक शहर झाले. १८९८ मध्ये कालवा बंद पडला. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी १९०७ पासून बांधलेल्या अशोकन जलाशयाने अनेक गावे विस्थापित केली.

डच व ह्यूगेनॉट संस्थापकांचा गौरव हा परगण्याच्या इतिहासलेखनाचा दीर्घकाळ मुख्य सूर होता. अलीकडे त्यात पालट झाला आहे. गुलाम बाळगणाऱ्या संस्थापक कुटुंबांची विद्यार्थी-निवासांना दिलेली नावे न्यू पॉल्ट्झ येथील राज्य विद्यापीठाने २०१९ मध्ये बदलली. १८२८ च्या दाव्याची मूळ कागदपत्रे राज्य दप्तरखान्यात सापडल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे दगडी घरांच्या मालकांबरोबरच त्या घरांत राबलेल्यांचा आणि ज्यांच्या भूमीवर ती उभी राहिली त्या इसोपसांचा इतिहासही अभ्यासाचा विषय बनला आहे.