पणतीच्या बुडाशी

दिवाळीच्या आदल्या दिवशी नव्या पणत्या पाण्यात भिजत घालण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे असते. कोरी पणती तेल पिते. रात्रभर पाण्यात राहिली म्हणजे तिची तहान भागते आणि मग सगळे तेल वातीच्या वाट्याला येते. गेल्या वर्षी हे काम करता करता मी एकेक पणती उलटी करून पाहू लागलो. फटाक्यांच्या वेष्टनावर कारखान्याचे नाव होते, तेलाच्या डब्यावर होते, उटण्याच्या पुडीवरही होते. पणतीच्या बुडाशी मात्र चाकावरून दोऱ्याने कापून काढताना उठलेल्या शंखासारख्या रेघा, एवढेच. वर्षातल्या सर्वांत मोठ्या सणाचा दिवा ज्याच्या हातचा, त्याचे नाव त्यावर कोठेही नाही.

नातीने विचारले, "आजोबा, काय शोधताय?" मी म्हटले, "सही." ती हसली. पण माझ्या शोधाला कारण होते. जन्मभर नाशकाच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर मी जुन्या नाशकातील कुंभारवाड्यात एका वृद्ध कुंभाराकडे चाक शिकावयास जाऊ लागलो होतो. त्यांना सगळे आबा म्हणत. मीही म्हणू लागलो. तीन-चार महिन्यांत माझ्या हातून मडके म्हणता येईल अशी वस्तू उतरू लागली आणि नवशिक्याला जे सुचायचे तेच मला सुचले. आपल्या मडक्यावर आपले नाव हवे!

त्यासाठी मातीचाच शिक्का करावयाचा ठरवला. युक्ती सोपी आहे. बोटाएवढी मातीची कांडी वळायची, तिचे टोक सपाट करायचे, ती कमावलेल्या कातड्याइतकी घट्ट झाली की टोकावर अक्षर कोरायचे, सावलीत वाळवायची आणि मडक्यांबरोबर आव्यात भाजून घ्यायची. भाजलेली माती ओल्या मातीला सहसा चिकटत नाही, म्हणून ठसा स्वच्छ उठतो; तरीही चिकटलाच तर टोकाला तेलाचे बोट लावावे. अक्षर मात्र उलटे कोरावे लागते. मी आडनावातला 'व' कोरला, तोही उत्साहाच्या भरात सुलटा. पहिल्या ठशात तो आरशातला 'व' उमटला. दुसऱ्या शिक्क्यात अक्षर उलटे कोरले, तर 'व'च्या पोटातला मातीचा ठिपका वाळताना निखळून पडला. तिसरा शिक्का साधला, पण वाळून आणि भाजून इतका आखडला की नातीच्या बाहुलीला शोभावा. माती वाळताना आणि भाजताना आकसते, हे मुलांना सांगणे निराळे आणि स्वतःच्या अक्षरावर अनुभवणे निराळे. चौथा शिक्का मोठ्या अक्षराचा केला. तो आजही माझ्याजवळ आहे.

तो घेऊन मोठ्या ऐटीत मी चाकावरून उतरलेल्या मडक्याच्या अंगावर ठसा उमटवला. आबांनी काही न बोलता मडके मांडीवर घेतले, आतून दगडी गुंडा धरला, बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकावयास सुरुवात केली आणि चार ठोक्यांत माझे नाव पुसून गेले. आपले मडके चाकावर पुरे होत नसते. चाकावर गळा आणि तोंड होते. पोट व गोल बूड होते ते थापटण्याखाली. पसरट बुडाच्या विलायती भांड्याला तळाशी सही करावयास जागा असते, आपल्या मडक्याचे बूड तर सर्वांत शेवटी आणि ठोके खात जन्मते. ठसा उमटवायचाच तर सगळी ठोकणी झाल्यावर, खांद्यापाशी, आतून बोटाचा आधार देऊन उमटवावा लागतो. आबांनी तशी जागा दाखवली आणि म्हणाले, "गुरुजी, माझं मडकं गळलं तर गिऱ्हाईक माझ्याच दारात येतं. नाव कशाला घालायचं?"

त्या वेळी मला ते वाक्य नुसते विनोदी वाटले. पुढे इतिहासाची पाने पुन्हा चाळताना ते सारखे आडवे येऊ लागले.

आपल्या देशात मडक्यावर ठसा उमटवण्याची कला मुळात नव्हती असे नाही. सिंधू संस्कृतीत चार हजार वर्षांपूर्वी निमुळत्या बुडाचे पेले होत. त्यांपैकी काहींवर भाजण्यापूर्वी मुद्रा दाबलेली सापडते. त्या संस्कृतीचा शेवटचा हात आपल्या प्रवरेपर्यंत पोहोचला होता. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७६ ते १९७९ या काळात झालेल्या उत्खननात भाजल्या मातीच्या, गुंडीच्या आकाराच्या मुद्रा मिळाल्या. त्यांवर सिंधू लिपीतील चिन्हे आहेत. काही खापरांवरही आहेत. ती वाचता आलेली नाहीत. कुंभाराचे नाव असेल, मालकाचे असेल, देवाचेही असेल.

मग नाशिक. गोदावरीच्या काठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. त्याच मोहिमेत प्रवरेकाठचे जोर्वे खणले गेले आणि १९५५ साली दोन्ही ठिकाणांचा एकत्र अहवाल निघाला. नाशिककरांना आपले गाव रामायणाइतके जुने आहे हे ठाऊकच असते, पण गढीच्या तळाशी ताम्रपाषाणयुगातील माणसांची खापरे निघाली तेव्हा त्या जुनेपणाला जमीन मिळाली. जोर्व्याचे भांडे हातात धरून पाहावे अशी वस्तू आहे. लालसर अंग, त्यावर काळ्या रंगाची भौमितिक नक्षी, कडेला तोटी. आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ज्या कोणी हा नाद साधला, त्याला आपली कारागिरी कळत नव्हती असे कोण म्हणेल? तरी नाव नाही. गंमत पाहा, या खापरांवर अखेर अक्षरे उमटली, पण ती उत्खनन करणाऱ्यांची. गावाची खूण, खड्ड्याचा क्रमांक, थराचा क्रमांक अशी बारीक अक्षरे शाईने प्रत्येक खापरावर घालण्याची पुरातत्त्वाची रीत आहे. कोठे सापडले ते लिहिले गेले. कोणी केले ते लिहिण्याची सोयच नव्हती.

म्हणून कुणी म्हणेल, कुंभाराला समाजात पत नव्हती, त्याचे नाव कोण लिहिणार! मीही वर्गात बरीच वर्षे असेच काहीसे सांगत होतो. पण नाशकापासून तासाभराच्या वाटेवरही नाही, अशा पांडवलेण्यांतील एक शिलालेख याला उत्तर देतो. तो आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यास कोरलेला आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने त्रिरश्मी डोंगरावरील विहारात राहणाऱ्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवली. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून खर्च भागवायचा. आणि ठेव कोणाकडे ठेवली? गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेणींकडे. त्यांत पाण्याची यंत्रे करणारे आहेत, तेली आहेत, आणि एक हजार कार्षापण ज्यांच्या हाती दिले ते 'कुलरिक' आहेत. कुलरिक म्हणजे कुलाल, अर्थात कुंभार, असा विद्वानांचा अर्थ आहे.

एका प्रतिष्ठित घरच्या बाईने आजाऱ्यांच्या औषधाचे पैसे कुंभारांकडे ठेवले आणि ते कायम सुरक्षित राहतील असे दगडावर कोरवून ठेवले! ज्यांची पत इतकी, त्यांना पत नव्हती असे म्हणण्याचे मला पुन्हा धाडस झाले नाही. श्रेणीचे नाव डोंगरावर कोरले गेले. त्याच श्रेणीच्या घरांतून निघालेली मडकी मात्र बिननावाची गोदेच्या घाटावर फुटत राहिली.

बरे, कारागिराने नाव घालू नये असा दंडकही नव्हता. औरंगाबादकडच्या (आता छत्रपती संभाजीनगर) पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेल्या यक्षाच्या हातावर, तो कान्हदास नावाच्या सोनाराने घडवला असे कोरलेले आहे. धातूवर तर नावांची झुंबड. नाशकाजवळच्या जोगलटेंभीस १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. नाणी नहपानाची, त्यांपैकी नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. जिंकलेल्याच्या चेहऱ्यावर जिंकणाऱ्याची मुद्रा! शिक्क्यावर शिक्का मारण्याची हौस ही राजांची. कुंभारांमध्ये ती चढाओढ दिसत नाही.

आणि संत गोरोबा? तेरचा हा कुंभार नामदेवांचा समकालीन. त्यांनी थापटण्याने संतांच्या डोक्यांवर टिचक्या मारून कोणते मडके कच्चे ते सांगितले, ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. पण एका गोष्टीकडे माझे लक्ष म्हातारपणी गेले. अभंगाच्या शेवटी कवीचे नाव येते, त्याला आपण नाममुद्रा म्हणतो. मुद्रा, म्हणजे ठसाच. गोरोबांच्या अभंगांत त्यांचे नाव येते आणि नावासोबत कुंभार हा शब्दही येतो. शब्दांवर मुद्रा घालणाऱ्या या कुंभाराने मडक्यांवर कसली खूण ठेवल्याची आख्यायिकासुद्धा नाही. का बरे? मला वाटते, उत्तर आबांनी दिलेलेच आहे. अभंग गावाबाहेर जातो, अनोळखी तोंडांत बसतो, म्हणून त्याला नाव लागते. मडके गावातच राहते. बलुतेदार कुंभाराचे मडके कोणाचे, हे गावात कोणाला विचारावे लागत होते?

याची उलट बाजू पाहावयाची तर इटलीतील अरेत्सो गावी जावे लागेल. इसवी सनाच्या आगेमागे तेथे लाल तकाकीची भांडी मोठ्या प्रमाणावर होत आणि जहाजांतून दूरदेशी जात. भांड्याच्या आतल्या तळावर करणाऱ्याचा शिक्का असे; पुढे पुढे तर पावलाच्या आकाराचा शिक्काही निघाला. कित्येक शिक्क्यांवर मालकाच्या नावाबरोबर त्याच्या गुलामाचेही नाव आहे. म्हणजे सही नेहमीच मानाची नसते. कधी ती हजेरीही असते. ही भांडी आपल्याकडे पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूपर्यंत आली. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा 'कामुरी', 'इत्ता' असे शिक्के असलेली खापरे निघाली. त्या शिक्क्यांचा काळ इटलीत ठाऊक होता. त्यावरून त्या थराचा, आणि थराबरोबर सापडलेल्या देशी भांड्यांचाही काळ ठरवता आला. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या, परंतु दक्षिणेच्या प्राचीन इतिहासाला एक पक्की खुंटी मिळाली ती परक्या कुंभारांच्या नावांमुळे. आपल्या कुंभारांनी नावे न घातल्याचा राग आला तो मला येथे. एक अक्षर घातले असते, तर गढीवर किती कोडी सुटली असती!

हाच फरक मी लहानपणी घराच्या छपरावर पाहिला होता, पण तेव्हा उमगला नव्हता. आमच्या वाड्याच्या पुढच्या सोप्यावर मंगलोरी कौले होती आणि मागच्या गोठ्यावर गावच्या कुंभाराची नळीची. पुढच्या कौलांवर बासेल मिशनचे नाव आणि १८६५ हे साल ठळक अक्षरांत दाबलेले. मिशनचा मंगळूरचा कारखाना त्या साली सुरू झाला. पाऊस गळू लागला की वडील शिडीवर चढत आणि मी खालून ती परकी अक्षरे वाचण्याचा प्रयत्न करी. गोठ्याच्या कौलावर वाचण्यासारखे काही नव्हते. ते फुटले की वडील नुसती हाक मारीत, आणि ज्याने केले तोच दुसरे घेऊन येई.

नाव घालून पाहून ते सोडून देणारेही झाले आहेत. बर्नार्ड लीच आणि शोजी हामादा या दोघांनी १९२० साली इंग्लंडातील सेंट आइव्हज येथे मिळून कुंभारकामाची कार्यशाळा थाटली. लीच आपल्या भांड्यांवर अक्षरांचा शिक्का मारीत. हामादा जपानला परतले, माशिको या कुंभारांच्या गावी राहिले आणि त्यांनी सही करणेच सोडले. मी हे आबांना सांगितले तेव्हा ते चाक न थांबवता म्हणाले, "शहाणा माणूस दिसतोय. कोण म्हणायचा?" नावावाचून त्यांनाही राहवले नाही, हे मी त्यांना बोलून दाखवले. त्यावर ते खूप हसले.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आबा गेले. मुले दुसऱ्या धंद्यांत आहेत. चाक पडवीत उभे करून ठेवले आहे. त्यानंतर एके दिवशी मी घरची फडताळे काढून बसलो. माझी मडकी क्षणात वेगळी झाली. प्रत्येकाच्या खांद्यावर 'व' होता, ओबडधोबड मडक्यांच्यासुद्धा. बिनशिक्क्याची नऊ उरली. त्यांत आबांनी दिलेली होती, बाजारातून आणलेली होती, संक्रांतीला कोणाकोणाकडून आलेली होती. आबांचे कोणते? तीन वर्षे त्यांच्या शेजारी बसूनही मला खात्रीने सांगता येईना. त्यांच्या मडक्याला ज्याने नाव विचारायचे तो दरवाजाच आता बंद झाला होता, आणि आबांच्या त्या वाक्यातली खोच मला पहिल्यांदा दुखली.

शेवटी नऊही मडकी टोपलीत घालून मी कुंभारवाड्यात आजींकडे गेलो. त्यांना आता दिसते कमी. त्यांनी एकेक मडके मांडीवर घेतले, तोंडात हात घालून गळ्याच्या आतून अंगठा फिरवला आणि डावी-उजवीकडे ठेवत गेल्या. "हे ह्यांचं. हे नाही. हे ह्यांचं. ह्यांचा अंगठा इथं वळायचा." असे करता करता चार उजवीकडे झाली. पाचव्यावर त्या बराच वेळ थांबल्या. गळ्यातून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, बुडावरचे थापटण्याचे ठोके चाचपले आणि मडके माझ्या हातात देत म्हणाल्या, "ठोकणी ह्यांची. पण गळा तुमचा आहे, गुरुजी. शिक्क्याच्या आधीचं दिसतंय."