हजेरीचा इतिहास आणि खासगीपणाचा प्रश्न

खासगीपणा हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, असे आपल्या चळवळीतले काही मित्र मला नेहमी ऐकवतात. कुरुंदवाडला विद्यार्थ्यांपुढे आधार, मोबाइल आणि सरकारी पाळत या विषयावर बोललो, तेव्हा पहिला प्रश्न हाच आला : 'सर, आधी भाकरी की आधी खासगीपणा?' प्रश्न प्रामाणिक होता. पण तो ज्या समजुतीतून येतो ती समजूत आपली नाही. ती आपल्या हाती दिली गेली आहे. ज्यांच्या बापजाद्यांना रोज चावडीवर जाऊन 'मी आहे, पळालो नाही' असे सांगावे लागत होते, त्यांच्या मुलांना खासगीपणा ही चैन वाटावी, हा आपल्या इतिहासशून्यतेचा पुरावा आहे.

आमच्याच जिल्ह्याचा इतिहास पाहू. कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना गावकामगाराकडे हजेरी द्यावी लागे. गुन्हा कोणता, तर जन्म. परगावी जायचे तर विचारून जायचे, रात्री कुठे निजलो त्याचा हिशेब द्यायचा. शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली. त्याच वर्षी त्यांनी महार वतनही मोडले. या दोन हुकमांचा उल्लेख आपण जयंतीच्या भाषणात एका दमात करतो आणि पुढे जातो. पण दोन्ही मिळून एकच काम करीत होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. वतनाने माणसाचे श्रम गावाला बांधले होते, हजेरीने त्याचे शरीर बांधले होते. कोण कुठे आहे हे ज्याला रोज कळते, त्याला वेठीला माणूस शोधावा लागत नाही.

कुरुंदवाड त्या वेळी कोल्हापूरचे नव्हते. ते पटवर्धनांचे वेगळे संस्थान, त्यातही थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या. ते मुंबई राज्यात विलीन झाले ते १९४८ साली. म्हणजे शेजारच्या कोल्हापूरच्या हद्दीत छत्रपतींचा हुकूम चालत होता, आणि आमच्या गावावर त्या हुकमाचा अंमल नव्हता. माणसाची प्रतिष्ठा राजाच्या मर्जीवर आणि शिवेच्या दगडावर अवलंबून होती. इंग्रजी मुलखात महार वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. पण मुंबई राज्यातील कनिष्ठ वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. शाहूंच्या हुकमानंतर चाळीस वर्षे !

हजेरी हा शब्द मात्र मेला नाही. मराठीत 'हजेरी घेणे' म्हणजे खरडपट्टी काढणे. ज्याची हजेरी घ्यायची तो आधीच अपराधी, हे भाषेनेच ठरवून टाकले आहे.

इंग्रजांनी या जुन्या हजेरीला शास्त्र जोडून दिले. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अंमलदाराने एका देशी कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. उद्देश एवढाच, की नेटिव्हाने उद्या सही नाकारू नये. पुढे १८९७ साली कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. त्या ठशांची वर्गवारी बसवण्याचे किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा देशी माणसांनी केले, नाव झाले एडवर्ड हेन्रीचे. (ज्ञान निर्माण करणारा एक आणि त्यावर शिक्का मारणारा दुसरा, हा प्रकार आपल्याला नवा नाही.) १८७१ साली सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली देशभर लागू करण्यात आला, आणि त्यात नोंद झालेल्या माणसांचे ठसे घेण्याची व त्यांना ठरल्या वेळी हजर राहायला लावण्याची सोय होती. चावडीवरची हजेरी आता पोलीस ठाण्यात आली, आणि तोंडच्या शब्दाऐवजी अंगठा आला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. रद्द झाला खरा, पण 'सराईत गुन्हेगार' या नावाचे दुसरे कायदे लगेच त्याच्या जागी उभे राहिले. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' हे आत्मकथन आले १९८७ साली, तेव्हा कायदा जाऊन पस्तीस वर्षे झाली होती आणि शिक्का कायम होता.

बाबासाहेबांना हा धोका दिसत नव्हता काय? 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या १९४७ च्या मसुद्यात त्यांनी नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारे कलम घातले होते. ते राज्यघटनेत आले नाही. डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत याच अर्थाची दुरुस्ती सुचवली, तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. फौजदारी संहितेत अशी तरतूद आहेच, पण ती कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवलेली बरी, अशी त्यांची भूमिका होती. दुरुस्ती फेटाळली गेली. भाकरीसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाला झडतीविरुद्धचे कलम चैनीचे वाटले नव्हते, एवढे तरी आपल्या मित्रांनी लक्षात घ्यावे.

त्या न आलेल्या कलमाची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीशांपुढे हाच वाद उभा राहिला, तेव्हा सरकारच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? गरिबांना अन्न-निवारा देणे महत्त्वाचे, त्यापुढे मूठभरांचा खासगीपणा गौण. न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी तो नाकारला आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण पुढच्याच वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात, बँक खाते आणि मोबाइल यांना आधार जोडण्याची सक्ती उठली. रेशन व सरकारी साहाय्याची राहिली. (प्राप्तिकराच्या पॅनचीही राहिली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.) ज्याला रेशन लागत नाही त्याची बरीचशी सुटका झाली. उसाच्या फडात आणि मागावर ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा अंगठा यंत्र ओळखत नाही. तो पुन्हा पुन्हा अंगठा लावतो आणि रांग त्याच्याकडे पाहत राहते.

या सगळ्यात गरिबाचे नाव कोण वापरतो ते पाहा. पहिला आधार क्रमांक २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात समारंभाने दिला गेला. पाच वर्षांनी फेसबुकला 'फ्री बेसिक्स' नावाची, आपण निवडलेली संकेतस्थळेच फुकट दाखवणारी योजना भारतात चालवायची होती. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या. मार्क झुकेरबर्ग यांनी इंग्रजी दैनिकात लेख लिहिला आणि त्यात साक्षीला आणला महाराष्ट्रातला गणेश नावाचा एक शेतकरी. दूरसंचार नियामकाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी अशा भेददर्शी दरांना मनाई केली, म्हणून ती योजना थांबली. कंपनी आपले म्हणणे सरकारदरबारी रेटते, तेव्हा तिला एक शेतकरी लागतो. तो शेतकरी स्वतःचे म्हणणे रेटायला निघाला, तर त्याला आत कोण घेतो?

आणि आता दुसरी बाजू. राजकीय पक्षांना कोणत्या कंपनीने किती पैसे दिले हे लपवणारे निवडणूक रोखे २०१८ साली आले. त्यांच्या समर्थनार्थ न्यायालयात जे मुद्दे मांडले गेले, त्यात देणगीदाराचा खासगीपणा हा प्रमुख होता ! गरिबाच्या बाबतीत जो हक्क गौण होता, तो देणगीदाराच्या बाबतीत एकदम पवित्र झाला. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली, आणि मग याद्या बाहेर आल्या. वर्णव्यवस्थेत ज्ञानाचे जे झाले तेच येथे माहितीचे होते : वरच्याचे झाकायचे, खालच्याचे उघडे करायचे.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी एक ताजा बदल नीट वाचावा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातले कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे अधिकाऱ्याला दाखवावे लागे. आता 'वैयक्तिक' एवढा शब्द पुरतो. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याचे कलम ८(२) शिल्लक आहे, पण ते वापरायचे की नाही हे त्याच कचेरीच्या हातात. याच वर्षाच्या १ जानेवारीपासून केंद्राने रोजगार हमीच्या, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, सर्व कामांवर मोबाइलमधून हजेरी सक्तीची केली होती : मजुरांचे फोटो, दिवसातून दोनदा, कामाच्या जागेवरून. मजुराचा चेहरा दिल्लीपर्यंत पोचला. त्याच कामाचा हजेरीपट, कोणाच्या नावावर किती दिवस लागले आणि पैसे कोणी उचलले, हे गावातल्या एखाद्या पोराने अर्ज करून मागितले, तर कारकुनाच्या हाती नकाराचा नवा शब्द आला आहे. असे अर्ज लिहिताना कलम ८(२) चा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करा, आणि नकार आला तर तो लेखी घ्या.