उसनी ऊब

लासलगावच्या बाजारात रांगड्या कांद्याची आवक वाढू लागते, तेच दिवस निफाड तालुक्यातल्या कडाक्याच्या थंडीचे असतात, आणि रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली, कांद्याच्या गोण्यांनी शिगोशीग भरलेली मालमोटार पहाटे काही केल्या चालू होत नाही, तेव्हा तिच्याभोवती जमलेल्या माणसांत जो वयाने आणि अनुभवाने वडील असा मिस्तरी असतो, तो बॉनेटला हात लावण्यापूर्वी क्लीनरला गाडीच्या मागच्या अंगाला पिटाळून एकच प्रश्न विचारतो : "धूर येतोय का रे?" लहानपणी हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला, पण त्याचे मर्म कळायला फार वर्षे जावी लागली.

सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर निघत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे पण पेट घेत नाही, म्हणजे उणीव आहे ती उष्णतेची; धूर मुळीच नसेल, तर डिझेलच पोचत नाही, म्हणजे नळीत हवा शिरली आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. हा दुसरा दोष निस्तरणे त्या मानाने सोपे. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून फीड पंप हाताने मारत राहायचे, फेसाळ डिझेल येणे थांबून अखंड धार लागली की स्क्रू आवळून टाकायचा. गॅरेजच्या बोलीत याला एअर काढणे म्हणतात. पहिल्या दोषाची कुळकथा मात्र यंत्राच्या जन्मापर्यंत जाऊन भिडते.

रुडॉल्फ डिझेलने १८९३ साली जर्मनीतील आउग्सबुर्गच्या कारखान्यात आपले पहिले यंत्र चालवून पाहिले आणि १८९७ साली, इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णता कामी लावणारे यंत्र सिद्ध केले, तेव्हा त्याच्या कल्पनेचा गाभा असा होता की ठिणगी, वात वा ज्योत यांपैकी कशाचीही अपेक्षा न ठेवता, केवळ दाबून तप्त केलेल्या हवेतच इंधनाने आपोआप पेटावे. हवा मूळ आकारमानाच्या पंधराव्या ते विसाव्या हिश्श्यात कोंबली की तिचे तपमान पाचशे अंशांच्या वर जाते, हे खरे. परंतु लोखंड रात्रभर गारठलेले असेल तर ही नुकती जन्मलेली ऊब ते लोखंडच शोषून घेते, वंगण घट्ट झाल्याने पिस्टन जड हलतात, थंडीने बॅटरी दुबळी होते, फेरे सावकाश पडतात, आणि सावकाश दाबली जाणारी हवा झिजलेल्या रिंगांच्या फटींतून निसटून जाते. एकेकटे असते तर यांतले कोणतेही कारण यंत्राने निभावून नेले असते. पहाटे चारच्या सुमारास ती सगळी एकमेकांना सामील होतात.

डिझेलच्याही आधी, १८९० च्या सुमारास, हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज गृहस्थाने जे तेल-इंजिन रचले, त्याच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा चालू करण्यापूर्वी दिव्याच्या झोताने कित्येक मिनिटे तापवावा लागे. १९२१ पासून मानहाइमला निघालेल्या लान्झ बुलडॉग ट्रॅक्टरवरही हाच शिरस्ता होता. उष्णता बाहेरून उसनी आणावी लागते, ही कबुली या तप्त गोळ्याच्या यंत्राने उघडपणे दिली होती, आणि मला त्याचे हे सरळपण फार आवडते. मधल्या काळात बेन्झ कंपनीच्या प्रॉस्पर लोरांज या अभियंत्याने १९०९ साली डिझेल यंत्रासाठी पूर्वज्वलन-कक्षाची, म्हणजे ज्वलन आधी जेथे सुरू होते अशा छोट्या कक्षाची, तजवीज केली. त्यामुळे यंत्र मवाळ चालू लागले, आणि १९२३ साली बेन्झची पाच टनी डिझेल मालमोटार रस्त्यावर येऊ शकली. मात्र त्या छोट्या कक्षाच्या भिंतीच हवेची ऊब गिळू लागल्यामुळे प्रत्येक सिलिंडरला विजेने तापणारी तार, म्हणजे ग्लो प्लग, देणे प्राप्त झाले.

ही तार आमच्या मुलखात आली ती १९५४ साली, जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेन्झ मालमोटारी तयार होऊ लागल्या तेव्हा. चालकासमोरच्या फळीवर जाळीआड बसवलेली एक लहानशी तार हळूहळू तांबूस होई, आणि ती निखाऱ्यासारखी लाल झाल्यावाचून सेल्फला हात लावायचा नाही, हा दंडक अक्षरओळख नसलेल्या चालकांनीही कसोशीने पाळला. ते प्लग एकामागून एक असे एकाच सरीत जोडलेले असत. दिवाळीच्या विजेच्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझते, तद्वत एक प्लग जळाला की सहा सिलिंडरांचे सहाही प्लग थंड. मग मिस्तरी जाड तारेच्या तुकड्याने एकेका प्लगला वळसा देई, आणि ज्याला वळसा देताच फळीवरची तार पुन्हा लाल होई, तो अपराधी ठरे. मीटर नाही, नकाशा नाही; केवळ डोळ्याने केलेला हा न्यायनिवाडा अचूक असे, आणि तो करणाऱ्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत याची मला मनापासून खंत वाटते.

निफाडची थंडी यंत्राला छळते. लडाखची थंडी इंधनालाच गाठते. डिझेलमध्ये मेणासारखे घटक विरघळलेले असतात, ते गारठ्यात स्फटिकरूपाने वेगळे होऊन फिल्टरची जाळी बुजवतात. भारतीय मानकाने डिझेलच्या प्रवाहबिंदूची, म्हणजे ज्या तपमानापर्यंत ते वाहते राहते त्याची, कमाल मर्यादा हिवाळ्यासाठी ३ आणि उन्हाळ्यासाठी १५ अंश ठरवली. आमच्या पठारावर एवढ्याने भागते, परंतु जेथे पारा शून्याखाली वीस अंश उतरणे नवलाचे नाही, त्या द्रासला तिचा काय उपयोग? १९६० साली सीमा सडक संघटना स्थापन झाली, १९६२ च्या युद्धाने श्रीनगर-लेह मार्गाची निकड रक्ताने लिहून दाखवली, आणि झोजीला ओलांडून रसद नेणाऱ्या वाहनांत जबलपूरच्या शक्तिमान मालमोटारी आल्या, ज्यांची निर्मिती जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ साली सुरू झाली होती. तेथे डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे, बॅटरी रात्री निजायच्या खोलीत आणून ठेवणे, टाकीखाली आणि ऑइल चेंबरखाली शेगडी पेटवणे, हे सारे उपाय चालकांनी स्वतःच्या जिवावर शोधले; डिझेलच्या टाकीखाली विस्तव ठेवणाऱ्याला त्यातला धोका कळत नव्हता असे मानणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. पाठीमागे उपाशी ठाणे असले की माणूस तो धोका पत्करतो. शून्याखाली ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यातून लडाखला जाऊ लागले ते २०१९ साली.

लासलगावला अशाच एका पहाटे क्लीनरने मागून ओरडून सांगितले, "पांढरा येतोय!" मिस्तरीने रेडिएटरमध्ये दोन बादल्या कढत पाणी ओतवले, तुरकाट्यांच्या निखाऱ्यांचे घमेले ऑइल चेंबरखाली सरकवले आणि बराच वेळ तो काहीच न बोलता उकिडवा बसून राहिला. मग डिझेलमध्ये भिजवलेला चिंधीचा काकडा पेटवून त्याने एअर क्लीनरच्या तोंडाशी धरला, चालकाने सेल्फ मारला. एक सिलिंडर पकडला, दुसरा पकडला, गाडी अंगभर थरथरली, पांढरा धूर काळा झाला आणि क्षणात विरळ होऊन गेला. क्लीनरने चाकाखालचा दगड काढला. घमेल्यात अजून निखारे होते. गाडी हलताच हमालांनी ते ओढून मध्ये घेतले आणि त्याभोवती हात पसरून ते बसले.