यूचेक

यूचेक : लघवी तपासणीची रासायनिक पट्टी मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचणारी प्रणाली. मुंबईच्या बायोसेन्स टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीने ती विकसित केली. फेब्रुवारी 2013 मध्ये अमेरिकेत लाँग बीच येथे भरलेल्या टेड परिषदेत कंपनीचे एक संस्थापक मिश्किन इंगवले यांनी ती प्रथम जाहीरपणे दाखवली. डॉ. अभिषेक सेन, डॉ. योगेश पाटील आणि अमन मिधा हे अन्य संस्थापक.

पूर्वपीठिका : कंपनीचे आधीचे उपकरण टचएचबी. सुई न टोचता, बोटातून प्रकाश सोडून हिमोग्लोबिनचा अंदाज घ्यायचा, ही त्यामागची कल्पना. पारोळ या गावी रक्तक्षय वेळीच न ओळखल्यामुळे बाळंतपणात माता व मूल दगावल्याचे सेन यांनी पाहिले आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे इंगवले यांनी 2012 च्या टेड भाषणात सांगितले. उपकरण पहिल्या 32 प्रयत्नांत चालले नाही, हेही त्यांचेच कथन. त्या काळी आरोग्य केंद्रांत साहली पद्धत रूढ होती : 0.02 मिली रक्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळायचे, ते तपकिरी झाले की थेंबथेंब पाणी घालून त्याचा रंग प्रमाण काचेशी जुळेपर्यंत पातळ करायचे. रंग जुळला की नाही हे डोळ्यांनी ठरवायचे; त्यामुळे एकाच नमुन्याचे दोन तपासणाऱ्यांच्या हातून दोन आकडे येत.

रचना व कार्य : डोळ्यांवर भिस्त ठेवण्याची हीच अडचण लघवीच्या पट्टीलाही आहे. दहा घटकांच्या पट्टीवर साखर, बिलिरुबिन, कीटोन, विशिष्ट गुरुत्व, रक्त, सामू, प्रथिने, यूरोबिलिनोजेन, नायट्राइट व पांढऱ्या पेशी यांचे दहा चौकोन ओळीने असतात. ते सगळे एकाच क्षणी वाचायचे नसतात. प्रचलित पट्ट्यांत साखर 30 सेकंदांनी, कीटोन 40, विशिष्ट गुरुत्व 45, प्रथिने 60, तर पांढऱ्या पेशी 120 सेकंदांनी पाहायच्या असतात. रांगेत वीस गरोदर बायका बसलेल्या असताना ‘अल्ब्युमिन-शुगर’ (लघवीतील प्रथिने व साखरेची तपासणी) करणारी नर्सबाई हे घड्याळ पाळत असेल असे मानणे धाडसाचे. यूचेकमध्ये पट्टी छापील रंगपटावर ठेवून फोनने छायाचित्रे घेतली जात. रंगपटामुळे खोलीतल्या उजेडाचा फरक वजा करता येई, आणि उत्तर ‘अधिक एक’, ‘अधिक दोन’ अशा श्रेणींत मिळे. या विषयावरील बहुतेक लेखन फोनच्या नवलाईत रमते. प्रस्तुत नोंदकाराच्या मते खरे महत्त्व रंगपटाला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात प्रयोगशाळेतील यंत्राशी तुलना सुरू असल्याचे तेव्हाच्या वृत्तांत म्हटले होते.

अमेरिकी प्रशासनाचे पत्र : 21 मे 2013 रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) कंपनीला पत्र पाठवले. अ‍ॅप बनवणाऱ्याला अशी विचारणा होण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. तो इशारा नव्हता. तीस दिवसांत खुलासा मागवलेला होता. पत्रातील युक्तिवाद असा : सीमेन्स व बायर यांच्या ज्या पट्ट्या यूचेक वाचते, त्यांना माणसाने डोळ्यांनी पाहण्यापुरती मंजुरी आहे. फोन रंग वाचू लागला की फोन, अ‍ॅप आणि पट्टी मिळून स्वयंचलित वाचनयंत्र होते, आणि त्या अख्ख्या प्रणालीला नव्याने मंजुरी लागते. म्हणजे पट्टी तीच, लघवी तीच, पण वाचणारा बदलला म्हणून साधनच नवे ठरले. हा मुद्दा तर्कशुद्ध आहे. मात्र मोठ्या उत्पादकाकडे अशा मंजुरीसाठी वेगळा विभागच असतो. चार मित्रांच्या कंपनीला ते काम संशोधनातून वेळ काढून करावे लागते. वैद्यकीय अ‍ॅपविषयीच्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा एफडीएने जुलै 2011 मध्ये काढला होता. अंतिम सूचना सप्टेंबर 2013 मध्ये, म्हणजे पत्रानंतर आल्या.

भारतातील नियमन : यूचेक आले तेव्हा भारतात अशा अ‍ॅपसाठी वेगळा नियम नव्हता. वैद्यकीय साधने नियम 2017 हे 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. सॉफ्टवेअरचाही समावेश करणारी व्यापक व्याख्या 11 फेब्रुवारी 2020 च्या अधिसूचनेने आली आणि 1 एप्रिल 2020 पासून अमलात आली.

अन्य उत्पादने : सुचेक हा याच कंपनीचा ग्लुकोमापी (रक्तातील साखर मोजणारे साधन).

विदर्भ : टचएचबीसारख्या साधनांची मर्यादा विदर्भात दिसते. रक्तक्षयाच्या चाचणीला येथे सिकलसेल या रक्ताच्या आजाराची जोड आहे; केवळ हिमोग्लोबिनचा आकडा सांगणारे साधन, सुईचे असो वा बिनसुईचे, तो आजार ओळखत नाही. त्यासाठी विद्राव्यता चाचणी आणि पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. आरोग्यासाठी फोनचा निराळा वापर विदर्भातच, नागपूरच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनने केला : चार रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात एका गटातील गरोदर स्त्रियांना स्तनपानाविषयी दर आठवड्याला समुपदेशकाचा फोन आणि रोज एक लघुसंदेश. या अभ्यासाचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कॅमेऱ्याचे काही काम नव्हते, साधा फोन पुरत होता.