अंतर्गत गिअर-वायर (रोड सायकल)

अंतर्गत गिअर-वायर : हँडलवरच्या शिफ्टरपासून डिरेल्युअरपर्यंत (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागापर्यंत) जाणारी गिअरची वायर फ्रेमच्या नळ्यांच्या आतून नेण्याची पद्धत. बहुतेक रोड सायकलींत वायर डाउन ट्यूबच्या वरच्या टोकाजवळच्या छिद्रातून आत शिरते आणि बॉटम ब्रॅकेटखालच्या (क्रँकच्या आसाच्या जागेखालच्या) प्लॅस्टिकच्या खाचेवरून वळते. मागच्या गिअरची वायर तेथून उजव्या चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीत) शिरून मागच्या चाकाच्या आसाजवळ बाहेर पडते. पुढच्या गिअरची वायर बॉटम ब्रॅकेटच्या मागूनच वर येते. या मांडणीत वायर वाऱ्याला आडवी येत नाही, चिखल आणि घामापासून बरीचशी वाचते आणि फ्रेम नेटकी दिसते. गिअर मात्र त्यामुळे अधिक चांगले पडत नाहीत. आतले प्रत्येक वळण घर्षण वाढवते, म्हणून वायर कशी ओवली आहे यावरच या मांडणीचे बरेवाईट ठरते.

बाहेरचे आवरण म्हणजे आउटर आणि त्यातून सरकणारी तार म्हणजे इनर, ही जोडी बाउडन केबल म्हणून ओळखली जाते. अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ साली ब्रिटनमध्ये तिचे पेटंट घेतले. रोड सायकलींचे शिफ्टर पूर्वी बहुधा डाउन ट्यूबवर असत, वायर आखूड आणि जवळजवळ सरळ जाई. १९९० साली शिमानोने ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले आणि वायरीचा प्रवास हँडलपासून सुरू झाला. पुढे कार्बन फ्रेम सर्रास झाल्या, तशी वायर आत गेली.

घर्षणाला एवढे महत्त्व का, हे आकड्यांवरून कळते. शिमानोच्या दहा-गिअरी रोड संचात मागच्या दोन लगतच्या चकत्यांमधले अंतर ३.९५ मिमी असते आणि एका खटक्याला वायर साधारण २.३ मिमी सरकते. त्यातली अर्धा मिलिमीटर जरी वायर कोठे अडली, तरी चेन दोन चकत्यांमध्ये घुटमळते. शिवाय मोठ्या चकतीवर चढताना वायर बोटांच्या जोराने ओढली जाते. लहान चकतीवर उतरताना तिला परत नेणारी डिरेल्युअरची स्प्रिंग एकटीच असते. चढताना गिअर झटकन पडतो आणि उतरताना रेंगाळतो, असे झाले तर बॅरल ॲडजस्टर (वायरीचा ताण बदलणारा स्क्रू) फिरवत बसण्याआधी वायरीचा मार्ग तपासावा. मिस्त्रीचा सर्वाधिक वेळ वाया जातो तो येथेच.

गिअरची इनर बहुधा १.२ मिमी जाडीची असते, आउटर ४ मिमी. गिअरच्या आउटरमध्ये पोलादी तारा लांबीच्या दिशेने बसवलेल्या असतात, त्यामुळे ती दाबाखाली आखडत नाही. ब्रेकची आउटर गुंडाळलेल्या पट्टीची असते. ती गिअरला लावू नये.

वायर बदलताना एक नियम सगळ्यांच्या वरचा : जुनी वायर बाहेर पडण्याआधी तिच्या जागी काहीतरी आत गेलेले असावे. लेंग्याची जुनी नाडी काढताना तिच्याच टोकाला नवी बांधतात, तसेच हे आहे. नेहमीच्या फ्रेममध्ये आतला टप्पा आउटरशिवाय, उघड्या इनरचा असतो. तेथे डिरेल्युअरपाशी वायर सोडवून टोक स्वच्छ कापावे, मागचा आउटरचा वळसा काढावा आणि पातळ प्लॅस्टिक लाइनर मागच्या छिद्रातून त्या वायरीवर चढवत पुढे डाउन ट्यूबच्या छिद्राबाहेर येईपर्यंत सरकवावे. ते चिकटपट्टीने पक्के करून जुनी वायर शिफ्टरच्या बाजूने ओढून काढावी. नवी वायर शिफ्टरमधून, पुढच्या आउटरमधून आणि मग लाइनरमधून मागे जाते. शेवटी लाइनर मागच्या बाजूने काढून घेतात. आउटर अखंड असलेल्या फ्रेममध्ये क्रम उलटा : इनर आतच ठेवून जुनी आउटर तिच्यावरून उतरवायची आणि नवी तिच्यावरच चढवायची.

मार्ग हरवला असेल, किंवा फ्रेम नवीकोरी असेल, तर चिकाटी लागते. अशा वेळी वाटाड्या वायर मागच्या, लहान छिद्रातून पुढे घालणे सोपे, कारण पुढचे छिद्र मोठे असते आणि टोक तेथे पकडता येते. पोलादी टोकाची वाटाड्या वायर बाहेरून चुंबकाने ओढत नेण्याचे संच मिळतात. पार्क टूलचा संच दुकानांतून पुष्कळ दिसतो. कार्बन, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमच्या नळ्यांवर तो उत्तम चालतो, पोलादी फ्रेमवर चुंबक नळीलाच चिकटतो. दुसरा उपाय स्वस्त आहे : दोऱ्याला फोमचा तुकडा बांधून तो एका छिद्रात सोडायचा, बाकीची छिद्रे बंद करून दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा. बॉटम ब्रॅकेटखालचे झाकण उघडत नसेल तर क्रँक आणि ब्रॅकेट काढणे टळत नाही. ते काम टाळण्यासाठी अर्धा दिवस आंधळेपणाने वायर ढकलत बसणाऱ्याने ते आधीच केलेले बरे.

डाउन ट्यूबमध्ये दोन्ही वायरी एकदा एकमेकींना ओलांडतात, ते चालते. पुष्कळदा उजव्या शिफ्टरची आउटर हँडलसमोरून वळून डाव्या छिद्रात जाते, म्हणजे तिचे वळण मोठे आणि सैल राहते. वायरी एकमेकींभोवती गुंडाळल्या जाणे मात्र घातक. एक वायर हाताने ओढून पाहावी. दुसरी हलली तर सगळे पुन्हा ओवावे. ब्रॅकेटच्या फिरत्या दांड्याला वायर घासत नाही ना, हेही तेव्हाच पाहावे. आउटर केबल कटरनेच कापावी, टोक कानशीने सपाट करावे, आतली प्लॅस्टिक नळी टोच्याने मोकळी करावी आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून लांबी ठरवावी. आत वायर किंवा आउटर वाजत असेल तर तिच्यावर फोमची नळी चढवतात. सह्याद्रीच्या घाटांत पावसाळाभर सायकल चालवणाऱ्यांनी ब्रॅकेटखालचे पाणी निघण्याचे छिद्र मोकळे ठेवावे. आत साठलेले पाणी खाचेवरची वायर खरखरीत करते.

अलीकडच्या पुष्कळ फ्रेममध्ये आउटर स्टेमखालून, हेडसेटच्या वरच्या बेअरिंगमधून आत जाते. दिसायला ही मांडणी देखणी आहे, पण अनेकदा ते बेअरिंग बदलायचे तर आउटर आणि ब्रेकचे पाइप सोडवावे लागतात, म्हणून रोज वापरायच्या सायकलीसाठी ही निवड महागात पडते. एसरॅमने २०१५ साली बिनवायरी गिअर आणले, २०२१ च्या ड्यूरा-एस संचात शिमानोने ओढायच्या गिअर-वायरीचा पर्यायच ठेवला नाही. पण शिमानोच्याच १०५ चा बारा-गिअरी वायरवाला संच २०२३ मध्ये आला. त्यामुळे मध्यम किमतीच्या सायकलींवर हे काम अजून करावे लागते. वायरवाल्या लिव्हरांत इनर बहुधा शिफ्टरच्या पोटात, तिच्या डोक्यापाशी झिजते. गिअर अकारण बिघडू लागला की रबरी हूड उलटून तेथले धागे पाहावेत आणि ती तुटण्याआधीच बदलावी. तुटली तर डोके शिफ्टरमध्ये अडकते आणि ते चिमट्याने कोरून काढावे लागते.